हाडांच्या शस्त्रक्रियेचे इम्प्लांट: उपजिल्हा रुग्णालयाने पैसा कुठून आणायचा आणि तो फिरता कसा ठेवायचा

प्रश्न थोडक्यात असा: पूर्व विदर्भातल्या 100 खाटांच्या एका उपजिल्हा रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ रुजू झालेत, सी-आर्म (शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) बसलाय, भूलतज्ज्ञ आठवड्यातून तीन दिवस येतात. पण मोडलेलं हाड जोडायच्या प्लेट, स्क्रू, रॉड अशा इम्प्लांटसाठी पैसा नाही. रुग्णाला एकतर नागपूरला पाठवावं लागतं, नाहीतर नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी द्यावी लागते. निधी कुठल्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या शीर्षातून) मिळेल आणि मागणी कशी करायची?

पैसा एका ठिकाणी नाही, पाच-सहा ठिकाणी विखुरलेला आहे, आणि प्रत्येकाची अट वेगळी आहे. पण खरी अडचण लेखाशीर्षाची नाहीच. विमा योजनेचा पैसा शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी येतो आणि इम्प्लांट शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कपाटात लागतो. हे मधलं अंतर भरायला भांडवल लागतं. त्यामुळे 'इम्प्लांट खरेदीसाठी अनुदान' असा प्रस्ताव पाठवलात, तर एकदा पैसा मिळेल, वर्षभरात संपेल आणि पुढच्या वर्षी तुम्ही परत तिथेच उभे राहाल. मागायचं ते फिरत्या साठ्याचं बीजभांडवल. पुढची भर दाव्यांच्या पैशातून पडत राहिली पाहिजे.

आधी गरज मोजा, तीही आकारासकट

'ऑर्थो इम्प्लांट सेट, नग 1' असं लिहिलेलं मागणीपत्र मंजूर होऊन माल आला, तरी शस्त्रक्रिया होत नाही. मोजणीचं एकक प्लेट नसतं, एक पूर्ण शस्त्रक्रिया असते. गेल्या बारा महिन्यांचं एक्स-रे रजिस्टर, अपघात विभागाचं रजिस्टर आणि संदर्भित केलेल्या रुग्णांची नोंद घ्या. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ किंवा अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलेला प्रत्येक हाडाचा रुग्ण त्यात मोजा. प्रस्तावाला जोडायला याहून चांगला पुरावा नाही, कारण तो तुमच्याच सहीचा असतो.

त्यातून प्रकारवार आकडा काढा आणि प्रत्येक प्रकाराला काय काय लागतं ते लिहा. खुब्याजवळच्या इंटरट्रोकॅन्टरिक (मांडीच्या हाडाच्या मानेखालच्या) फ्रॅक्चरला डीएचएस (खुब्याचा सरकता स्क्रू आणि प्लेट) वापरणार असाल तर 135 अंशांची चार छिद्रांची बॅरल प्लेट 1, लॅग स्क्रू 1, कॉम्प्रेशन स्क्रू 1 आणि 4.5 मिमीचे कॉर्टिकल (हाडाच्या कठीण बाहेरच्या थरात धरणारे) स्क्रू 4. पीएफएन (मांडीच्या हाडात वरून आत घालायचा रॉड) वापरणार असाल तर नेल (म्हणजे तो रॉड), वरचे दोन स्क्रू (जाड लॅग आणि बारीक अँटी-रोटेशन), खालचे दोन लॉकिंग बोल्ट आणि एंड कॅप. मनगट ते कोपर दोन्ही हाडं मोडली असतील तर 3.5 मिमीच्या सहा किंवा सात छिद्रांच्या दोन प्लेट आणि साधारण बारा स्क्रू. टिबियाचं (नडगीच्या हाडाचं) नेलिंग असेल तर नेल 1, लॉकिंग बोल्ट 4, एंड कॅप 1. म्हाताऱ्या माणसाच्या फीमर नेकला (मांडीच्या हाडाच्या मानेला) सिमेंटेड बायपोलर (हाडाचं कृत्रिम डोकं), सोबत 40 ग्रॅमचं बोन सिमेंट. गुडघ्याच्या वाटीला आणि कोपराच्या टोकाला के-वायर (धातूची बारीक सरळ सळई) आणि 18 गेजची एसएस (स्टेनलेस स्टील) तार. ही दोन कामं सगळ्यात स्वस्त आहेत, आणि साहित्य नाही म्हणून सगळ्यात जास्त रखडतात तीही हीच.

आकारांत घोळ होतो तो ठरलेल्या जागी. नेल 9 मिमी आणि 10 मिमी व्यासाची लवकर संपते, 12 ची पडून राहते. 3.5 मिमीच्या स्क्रूमध्ये 14, 16 आणि 18 मिमी लांबी आधी संपते. डीएचएसच्या लॅग स्क्रूमध्ये 75 ते 90 मिमी चालते, 60 आणि 110 वर धूळ बसते. बायपोलरचं डोकं दोन-दोन मिमीच्या अंतराने येतं. आपल्याकडच्या बांध्याला 41 ते 47 मिमीच्या दरम्यानचं जास्त लागतं, पण मधला एक आकार नसेल तर ऐन शस्त्रक्रियेत अडकाल. म्हणून सगळ्या आकारांचे सारखे नग मागवू नका. मधल्या आकारांचे चार-पाच, टोकाच्या आकारांचा एकेक आणि तोही बदलून देण्याच्या अटीवर.

ड्रिल बिट विसरू नका. 3.5 मिमीच्या कॉर्टिकल स्क्रूला 2.5 मिमीचं बिट, 4.5 ला 3.2 चं, 3.5 च्या लॉकिंग (प्लेटच्या छिद्रात आट्यांनी पक्क्या बसणाऱ्या) स्क्रूला 2.8 चं. बिट बोथट झालं की हाड तापतं, भोकाभोवतीचा भाग मरतो आणि काही आठवड्यांत स्क्रू ढिला पडतो. दोष प्लेटच्या माथी मारला जातो. एका प्लेटिंगच्या संचामागे किमान दोन बिटं शिल्लक असावीत.

विदर्भापुरती आणखी एक गोष्ट. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे आणि त्यातून तरुण वयातच मांडीच्या हाडाचं डोकं सडलेले रुग्ण येतात. त्यांना पूर्ण खुबा बदलावा लागतो. ही शस्त्रक्रिया उपजिल्हा पातळीवर सुरू करायच्या यादीत घालू नका. हाड कठीण झालेलं असतं, मज्जेची पोकळी बुजलेली असते, भूल आणि रक्त या दोन्हींचा धोका असतो. या रुग्णांची वेगळी यादी करून वैद्यकीय महाविद्यालयाशी तारखा ठरवा. प्रस्तावात मात्र त्यांचा आकडा लिहा. आदिवासी उपयोजनेच्या बैठकीत त्याला वजन असतं.

कुठला पैसा कशाला चालतो

*महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत.* हा तुमचा मुख्य झरा. 1 जुलै 2024 पासून राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पांढऱ्या कार्डालाही. इम्प्लांटची किंमत पॅकेजमध्येच धरलेली असते. म्हणजे लाभार्थ्याला चिठ्ठी देऊन बाहेरून रॉड आणायला लावणं हा गैरप्रकार ठरतो, मग हेतू कितीही चांगला असो. रुग्णालय अस्थिरोग शाखेसाठी अंगीकृत (योजनेत नोंदवलेलं) आहे का, हे आधी तपासा. कित्येक ठिकाणी रुग्णालय योजनेत असतं, पण फक्त सामान्य शस्त्रक्रिया आणि स्त्रीरोग या शाखांसाठी. अस्थिरोगतज्ज्ञ रुजू झाल्यावर शाखा वाढवण्याचा अर्ज राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे जिल्हा समन्वयकामार्फत जातो. तो कुणी केलेलाच नसतो.

दाव्याची रक्कम रुग्णालयाच्या योजनेच्या खात्यात येते आणि तिची औषधं व साहित्य, सुविधा, कर्मचाऱ्यांचा प्रोत्साहन भत्ता अशी टक्केवारीने वाटणी शासन निर्णयात ठरवून दिलेली असते. ही टक्केवारी बदलत आलेली आहे. चालू निर्णयाची प्रत फाईलच्या पहिल्या पानावर लावा. भत्त्याचं वाटप वेळेवर होतं आणि साहित्याचा हिस्सा 'नंतर बघू' म्हणून खात्यात पडून राहतो किंवा भलत्याच खर्चात जातो, हा प्रकार फार दिसतो. साहित्याचा हिस्सा जमा होताच इम्प्लांटच्या उपखात्यात नोंदवून टाका.

*जिल्हा नियोजन समिती.* सर्वसाधारण योजना, आदिवासी उपयोजना, अनुसूचित जाती उपयोजना अशा तिन्ही बाजू आहेत. मागणी जिल्हा शल्य चिकित्सकांमार्फत जाते, जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता लागते, निधी बीडीएसवर (शासनाच्या ऑनलाइन निधी वितरण प्रणालीवर) येतो. हा पैसा कोषागाराचा असल्याने काढून बँकेत ठेवता येत नाही. 31 मार्चच्या आत माल येऊन देयक पारित झालं पाहिजे. त्यामुळे फिरत्या खात्यात टाकायला तो चालत नाही, पण सुरुवातीचा साठा आणि हत्यारं घ्यायला अगदी योग्य. प्रस्ताव परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे प्लेट-स्क्रू यंत्रसामग्रीच्या उद्दिष्टाखाली (52) मागितलेले असतात. ते साहित्य व पुरवठ्यात (21) येतात. पॉवर ड्रिल, ट्रॅक्शन टेबल, ऑटोक्लेव्ह हे 52 मध्ये. दोन्ही एकाच प्रस्तावात कोंबू नका, दोन फाईली करा.

*खासदार-आमदार निधी.* टिकाऊ मालमत्तेसाठी. स्क्रूसाठी मागू नका, नकार येईल. लीड ॲप्रन, ड्रिल, फ्रॅक्चर टेबल मागा.

*जिल्हा खनिज प्रतिष्ठान.* चंद्रपूर, यवतमाळमधला वणी पट्टा, नागपूर, भंडारा, गडचिरोली: कोळसा, मँगनीज, लोखंड जिथे निघतं तिथे हा निधी आहे. 2015 च्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत आरोग्य हा उच्च प्राधान्याचा विषय आहे. अट एकच, लाभ खाणबाधित क्षेत्राला झाला पाहिजे. म्हणून एक्स-रे रजिस्टरमधून बाधित गावांची यादी काढा आणि त्या गावांतून किती अस्थिभंगाचे रुग्ण आले ते गावाच्या नावासकट द्या. कोळशाच्या टिप्परखाली आलेल्या दुचाकीस्वारांचे आकडे वेगळे काढलेत तर प्रस्तावाला दुसऱ्या समर्थनाची गरज उरत नाही.

*कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी.* कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 मधला 2 टक्क्यांचा. नागपुरात वेस्टर्न कोलफील्ड्स (कोळसा) आणि मॉयल (मँगनीज) यांची मुख्यालयं आहेत, वीज केंद्रं आहेत, गडचिरोलीत सूरजागडचा लोहखनिजाचा प्रकल्प आहे. रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात पैसे घ्यायचे तर समितीची सीएसआर-1 (हा निधी वापरणाऱ्या संस्थांची) नोंदणी लागते का, हे कंपनीच्या लेखा विभागाला आधीच विचारा; एप्रिल 2021 पासून अंमलबजावणी संस्थांना ती बंधनकारक आहे. नोंदणीचा खेळ लांबणार असेल तर कंपनीने स्वतः खरेदी करून वस्तुरूपाने देणगी द्यावी. मात्र तपशील तुमचा हवा, कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याचा नको. देणगीत आलेली प्लेट एका कंपनीची आणि तुमच्याकडची हत्यारं दुसरीची, असं झालं की तो माल शोभेचा.

*रुग्ण कल्याण समिती.* राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा अबंधित (ठरावीक कामाशी न बांधलेला) निधी इथे येतो, पण उपजिल्हा पातळीवर तो वर्षाला काही लाखांचाच, आणि त्यावर झेरॉक्सपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्यांचा डोळा असतो. शिवाय 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाल्याने शुल्काचं उत्पन्न आटलं. इथून इम्प्लांट चालवायची अपेक्षा ठेवू नका. पण समितीच्या ठरावाचा उपयोग मोठा आहे: फिरत्या निधीचे नियम, सह्यांचे अधिकार आणि दाव्यात न बसणाऱ्या रुग्णाला साठ्यातून इम्प्लांट देण्याची मर्यादा या तिन्ही गोष्टी ठरावाने बांधून घ्या. लेखापरीक्षणात तोच कागद तुम्हाला वाचवतो.

*नियमित पुरवठा.* महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे वार्षिक मागणी नोंदवायचीच. माल आला तर उत्तम. शिवाय स्थानिक खरेदीला हात घालण्यापूर्वी 'पुरवठा उपलब्ध नाही' हे दाखवावं लागतं, आणि मागणीच नोंदवली नसेल तर ते दाखवता येत नाही.

भांडवल किती लागेल

आकडे उदाहरणादाखल धरतो, तुमचे तुम्ही घाला. महिन्याला 20 शस्त्रक्रिया, एका शस्त्रक्रियेला सरासरी 7,000 रुपयांचं इम्प्लांट. म्हणजे महिन्याचा वापर 1,40,000. शस्त्रक्रियेपासून दाव्याची रक्कम खात्यात पडेपर्यंत चार महिने धरा आणि पुरवठ्यातल्या विलंबासाठी एक महिना. 1,40,000 गुणिले 5 म्हणजे 7 लाख. टोकाच्या आकारांत अडकून राहणारा माल आणि हत्यारं वेगळी.

आता तो निधी टिकेल का ते पाहा, कारण घोडं इथेच अडतं. समजा पॅकेजची सरासरी 20,000 आहे, 20 पैकी 16 दावे मंजूर होतात आणि साहित्याचा हिस्सा 40 टक्के आहे. महिन्याला 3,20,000 आले, त्यातले 1,28,000 साहित्याचे. वापर 1,40,000 चा. दर महिन्याला 12,000 ची गळती. वर्षात 1,44,000 गेले, म्हणजे जवळजवळ एका महिन्याचा साठा. हळूहळू कपाट रिकामं आणि नेमकं काय झालं ते कुणालाच कळत नाही. आता 16 ऐवजी 18 दावे मंजूर झाले तर 3,60,000 चे 40 टक्के 1,44,000 होतात आणि निधी स्वतःच्या पायावर उभा राहतो. फरक फक्त दोन दाव्यांचा. त्यामुळे नवीन निधीच्या मागे मुंबईला खेपा घालण्यापेक्षा आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात योजनेचे कागद बघणाऱ्या माणसाच्या) टेबलावर लक्ष दिलेलं जास्त फळतं. (यात टाके, भुलीची औषधं वगैरे नियमित पुरवठ्यातून येतात असं धरलं आहे, तेही याच हिश्श्यातून घेत असाल तर हिशेब आणखी आवळतो.)

दावे का फेटाळले जातात

नाव जुळत नाही हे पहिलं कारण. शिधापत्रिकेवर सुनेचं नाव चढवलेलंच नसतं, आधारवर माहेरचं आडनाव असतं, म्हाताऱ्याचं वय दोन ठिकाणी दोन असतं. रुग्ण प्लास्टरच्या स्लॅबमध्ये किंवा ट्रॅक्शनमध्ये (पायाला वजन लावून) खाटेवर असतो तेव्हाच तहसीलच्या पुरवठा शाखेतून दुरुस्ती करून घ्या, सुट्टी दिल्यावर कुणी परत येत नाही. पूर्वपरवानगी न घेता शस्त्रक्रिया करणं हे दुसरं. रात्रीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी दूरध्वनीवरून तातडीची सूचना देण्याची सोय योजनेत आहे. तिचा संदर्भ क्रमांक केसपेपरवर लिहिलेला नसला की झालं. तिसरं, शस्त्रक्रियेनंतरच्या एक्स-रेवर रुग्णाचं नाव आणि तारीख दिसत नाही किंवा फोटोत प्लेटचं एक टोक कापलं जातं. चौथं, इम्प्लांटचं स्टिकर नाही. सुट्या, निर्जंतुक न केलेल्या मालाला स्टिकर नसतंच. त्यासाठी प्लेटवर कोरलेला लॉट क्रमांक रजिस्टरमध्ये लिहून त्या पानाची प्रत जोडायची.

सीमेवरच्या तालुक्यांत आणखी एक. अहेरी-सिरोंच्याकडे तेलंगण आणि छत्तीसगडचे, धारणीत आणि गोंदियात मध्य प्रदेशचे रुग्ण येणारच. त्यांच्याकडे आयुष्मान कार्ड असेल तर पोर्टेबिलिटीत (दुसऱ्या राज्यात कार्ड वापरायच्या सोयीत) दावा होतो, पण तो त्यांच्या राज्याकडे जातो आणि पैसा उशिरा येतो. अशा दाव्यांचं वेगळं पान ठेवा आणि भांडवल मोजताना त्यांच्यासाठी जास्त महिने धरा. त्यांना परत पाठवू नका. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरांहून दूर आहे, आणि खुबा मोडलेल्या म्हातारीच्या शस्त्रक्रियेला दोन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला की छातीत कफ, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गाठी, सगळंच सुरू होतं.

रस्त्यावरच्या अपघातासाठी केंद्राची 2025 ची विनारोख उपचार योजना आहे: अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत. सात दिवस म्हणजे सूज उतरायची वाट बघत बसलात तर मुदत निघून जाते. पोलिसांकडची नोंद पहिल्याच दिवशी करून घ्या.

खरेदी: दर कसा मागवायचा

उद्योग विभागाच्या 1 डिसेंबर 2016 च्या खरेदी नियमपुस्तिकेप्रमाणे आणि तिच्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांप्रमाणे चाला. ई-निविदेची मर्यादा टाळायला मागणीचे तुकडे पाडणं हा लेखापरीक्षणाचा सगळ्यात आवडता आक्षेप आहे. वर्षाची अंदाजित गरज एकत्र धरून दरकरार (ठरलेल्या मुदतीसाठी दर पक्का करायचा करार) करा आणि मग लागेल तसं मागणीपत्र द्या. दरकरारात माल घेण्याची सक्ती नसते. एकटं रुग्णालय छोटं पडत असेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांनी सामान्य रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालयं मिळून एकच दरकरार करावा. पुरवठादार चंद्रपूरला माल पोचवतो, पण धारणीला वा अहेरीला एकेका प्लेटसाठी गाडी पाठवत नाही.

'छापील किमतीवर इतके टक्के सूट' असा दर स्वीकारू नका. 2017 मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याला आणि हृदयाच्या स्टेंटला कमाल किंमत ठरवून दिली. प्लेट, स्क्रू आणि नेलला तशी कमाल किंमत नाही. त्यामुळे छापील किंमत काहीही असू शकते आणि साठ टक्के सूट मिळूनही तुम्ही महागच घेता. नगाचा स्थिर दर मागा, करासह, तुमच्या भांडारात पोच.

तुलना वस्तूवार न करता पूर्ण टोपलीची करा. समजा एका पुरवठादाराची प्लेट 500 ची आणि स्क्रू 60 चा. दुसऱ्याची प्लेट 300 ची आणि स्क्रू 110 चा. कागदावर दुसरा स्वस्त भासतो. पण अग्रबाहूच्या (मनगट ते कोपर) शस्त्रक्रियेला दोन प्लेट आणि बारा स्क्रू लागतात. पहिल्याचे 1,720 होतात, दुसऱ्याचे 1,920. प्लेट एकाकडून आणि स्क्रू दुसऱ्याकडून घ्यायचा मोह तर मुळीच नको. स्क्रूचं डोकं, षट्कोनी खाच आणि लॉकिंगचे आटे कंपनीगणिक बदलतात. नेलचा जिग (छिद्रं नेमकी साधायला लावायचा साचा) तर दुसऱ्या कंपनीच्या नेलला बसतच नाही, आणि बसल्यासारखा वाटला तरी दूरचं छिद्र चुकतं. एक प्रणाली, एक पुरवठादार, असं निविदेतच लिहा. स्टेनलेस स्टीलची प्लेट आणि टायटॅनियमचा स्क्रू एकत्र वापरायचे नाहीत, कारण शरीरातल्या क्षारयुक्त द्रवात दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो. सुरुवातीला बहुतेक कामांना 316 एल स्टील पुरतं. टायटॅनियमचा हट्ट अनेकदा विक्रेत्याचा असतो.

कागदपत्रांत वैद्यकीय उपकरण नियम 2017 खालचा उत्पादन परवाना, आयात मालाला आयात परवाना, विक्रेत्याकडे एमडी-42 (वैद्यकीय उपकरणं विकण्याची) नोंदणी किंवा घाऊक औषध परवाना आणि प्रत्येक लॉटचं धातूचाचणी प्रमाणपत्र मागा. करारात या अटी असू द्या: हत्यारांचा पूर्ण संच करार असेपर्यंत विनामूल्य रुग्णालयात राहील, वापरलेला नग 72 तासांत भरून मिळेल, सहा महिने न हललेले आकार बदलून मिळतील, दर महिन्याला एकच एकत्रित देयक. शक्य असेल तर माल पुरवठादाराच्या मालकीचाच तुमच्या कपाटात राहू द्या आणि वापरलेल्याचेच पैसे द्या. असं झालं तर वरच्या 7 लाखांच्या भांडवलातला बराचसा भार पुरवठादार उचलतो. पण तीन महिने देयक थकलं की तो एक दिवस येऊन संच उचलून नेतो, आणि चूक त्याची नसते.

पुरवठादाराचा माणूस शस्त्रक्रियागृहात येऊन 'ही साइज टाका साहेब' म्हणतो आणि बाहेर नातेवाइकांशी पैशाचं बोलतो, ही रीत पहिल्याच दिवशी बंद करा. जिग जोडायला तांत्रिक मदत लागत असेल तर ती लेखी, नावानिशी, आणि रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलण्याची मनाई करूनच.

कपाट आणि रजिस्टर

सगळे इम्प्लांट औषध भांडारात ठेवू नका. शस्त्रक्रियागृहाच्या प्रभारी परिचारिकेकडे वापराचा साठा आणि औषधनिर्माण अधिकाऱ्याकडे राखीव साठा, अशी विभागणी टिकते. रजिस्टरमध्ये तारीख, आंतररुग्ण क्रमांक, वस्तू, आकार, लॉट क्रमांक, नग, दावा क्रमांक आणि दावा जमा झाल्याची तारीख असे रकाने हवेत. शेवटचे दोन रकाने बहुतेक ठिकाणी नसतात, त्यामुळे साठा आणि पैसा यांची गाठ पडत नाही. ते असले की दर महिन्याला अर्ध्या तासात कळतं की कुठलं इम्प्लांट वापरलं आणि त्याचा पैसा कुठे अडकलाय. खराब झालेला, खाली पडलेला, मधेच बदललेला स्क्रूही लिहायचा, लाल शाईने. काढलेला इम्प्लांट दुसऱ्या रुग्णाला वापरायचा नाही; धातूला थकवा आलेला डोळ्यांना दिसत नाही. प्लेट किंवा नेल शरीरात मोडली तर लॉट क्रमांकासह मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांच्या दोषांवर नजर ठेवणाऱ्या) कार्यक्रमाकडे नोंद करा आणि त्याच लॉटचे उरलेले नग बाजूला काढा.

दाव्यात कुठेच न बसणारे रुग्ण उरतातच: बेवारस, कागद नसलेले, वीटभट्टीवरचे परराज्यातले मजूर. त्यांच्यासाठी सीएसआर किंवा देणगीतून आलेला साठा वेगळ्या रंगाच्या पट्टीने ठेवा. फिरत्या साठ्यातून दिलात तर तो भरून निघत नाही. ज्याच्याकडे कागद आहेत पण आजार पॅकेजमध्ये नाही, त्याचा अर्ज मुख्यमंत्री सहायता निधीकडे करता येतो. तो शस्त्रक्रियेआधीच गेला पाहिजे.

कधी काय मागायचं

जिल्हा वार्षिक योजनेचा पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यात आकार घेतो, तेव्हा तुमची मागणी दिवाळीपूर्वी जिल्हा शल्य चिकित्सकांच्या टेबलावर असावी. जानेवारी-फेब्रुवारीत इतर विभागांचा अखर्चित निधी पुनर्विनियोजनात वळवला जातो. ज्याची फाईल तपशील, अंदाजपत्रक आणि चालू दरकरारासह तयार असते, त्याला तो मिळतो. दरकरार नसेल तर पैसा मिळूनही मार्चच्या आत माल येत नाही. आणि मार्चमध्ये अचानक आलेल्या पैशातून बोन सिमेंट किंवा निर्जंतुक पाकिटातले बायपोलर भरून ठेवू नका, त्यांना मुदत असते. साध्या स्टीलच्या प्लेट, मधल्या लांबीचे स्क्रू, के-वायर, तार आणि ड्रिल बिट घ्या.